शेजारच्या बाजाराचा भरवसा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विकसनशील देशांनी शेजाऱ्यांशी व्यापारगट करून नेमके काय साधले, या विषयावरील मागील अंकातल्या लेखावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. दक्षिण आशियातील देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे, आग्नेय आशियात मात्र हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे, आणि या फरकाचे मूळ शुल्काच्या दरांपेक्षा परस्परांवरील भरवशात शोधावे लागते, असे त्या लेखात म्हटले होते. काही वाचकांना ते पटले, काहींनी रोखठोक आक्षेप घेतले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: बांगलादेश हा आमच्या कांद्याचा मोठा ग्राहक आहे. दोन्ही देश ‘साफ्टा’ या मुक्त व्यापार करारात आहेत, असे आपण लिहिले आहे. मग करार असतानाही कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद कशी करता येते? अशा कराराचा शेतकऱ्याला उपयोग काय?
— कांदा उत्पादक, निफाड तालुका

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा हा करार ६ जानेवारी २००४ रोजी सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या इस्लामाबाद येथील शिखर परिषदेत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. एकमेकांच्या मालावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी करायचे, हा त्याचा गाभा. म्हणजे शेजाऱ्याचा माल आपल्या दारात आल्यावर त्याला किती अडवायचे, याचे बंधन करारात आहे. आपला माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही, याचे बंधन जवळपास नाही. अन्नपदार्थांची तीव्र टंचाई असल्यास तात्पुरती निर्यातबंदी करण्याची मुभा जागतिक व्यापाराच्या मूळ नियमांतच आहे आणि साफ्टाने ती तशीच राहू दिली. टंचाई तीव्र आहे की नाही हे ठरवणारे सरकार तेच असते, ज्याला शहरांतील किरकोळ भावाची धास्ती असते.

परिणाम आपल्या जिल्ह्याने सोसला आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंदी आली, ती मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली आणि १ जानेवारी २०२१ पासून उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरवले गेले, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी झाली आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली. त्यानंतरही शुल्क राहिलेच. ते पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ रोजी.

या निर्णयांच्या वेळा पाहिल्या म्हणजे नुकसानीचे स्वरूप कळते. ऑगस्टमध्ये शुल्क लागले तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा होता. वजन घटत होते, सड वाढत होती, आणि दिवाळीच्या आधी चार पैसे मिळतील या आशेवर शेतकरी थांबला होता. डिसेंबरमध्ये बंदी आली तेव्हा लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात खरिपाचा लाल कांदा येत होता. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चार-सहा महिने टिकत नाही. काढला की थोड्याच दिवसांत विकावा लागतो. बंदीची बातमी येताच लिलाव बंद पडले आणि ज्याची ट्रॉली भरून उभी होती त्याला थांबण्याचा पर्यायच उरला नाही. अशा रीतीने एकाच वर्षात साठवलेल्या कांद्याने मार खाल्ला आणि साठवता न येणाऱ्यानेही.

आता हीच गोष्ट ढाक्याच्या बाजूने पाहावी. २०१९ च्या बंदीनंतर तेथे कांद्याचा भाव किलोला २०० टका (बांगलादेशी चलन) यांच्या वर गेला आणि सरकारला विमानाने कांदा मागवावा लागला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, निदान आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे जाहीरपणे बोलून दाखवले. पुढच्याच वर्षी पुन्हा न कळवता बंदी आली तेव्हा बांगलादेशाने लेखी चिंता व्यक्त केली. मग त्या देशाने जे केले ते कोणीही शहाणा ग्राहक करील: पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार येथून कांदा आणण्याची व्यवस्था लावली, स्वतःच्या शेतकऱ्यांना लागवड वाढवण्यास प्रोत्साहन दिले, आणि स्वतःचे पीक बाजारात आले की भारतीय कांद्याच्या आयातीचे परवाने थांबवण्याचे धोरण स्वीकारले. बंदी उठते, पण गेलेला ग्राहक पूर्वीइतका परत येत नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. पूर्व आफ्रिकेत सामायिक बाजारपेठ असूनही ५ मार्च २०२१ रोजी केनियाने बुरशीजन्य विषाचे कारण देऊन युगांडा आणि टांझानिया येथील मका एका दिवसात अडवला. टांझानियानेही पूर्वी वेळोवेळी आपल्या मक्याची निर्यात बंद केली आहे. अन्नाच्या बाबतीत सरकारे घाबरतात, आणि ती भीती समजण्यासारखी आहे. परंतु प्रादेशिक व्यापाराचा खरा कस तेथेच लागतो. शेजारच्या देशाने आपल्या कांद्यावर विसंबून राहावे असे वाटत असेल, तर त्या कांद्यावरचा नियम एका रात्रीत बदलण्याचा हक्क आपण काही प्रमाणात सोडला पाहिजे, आणि गटातील सर्वांत मोठा देश म्हणून तो आधी आपण सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: भारत बांगलादेशचा माल जवळपास शुल्काशिवाय येऊ देतो आणि बांगलादेश मात्र आमच्या द्राक्षांवर शुल्क वाढवत नेतो. विदर्भातील संत्रा उत्पादकांचीही हीच तक्रार आहे. देणारे आम्हीच आणि सोसणारेही आम्हीच, याला एकात्मता कसे म्हणायचे?
— द्राक्ष बागाईतदार, दिंडोरी

तक्रार खरी आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये भारताने सार्कमधील अल्पविकसित देशांसाठी संवेदनशील वस्तूंची यादी २५ वस्तूंवर आणली. दारू आणि तंबाखूसारखे पदार्थ वगळता बांगलादेशचा जवळजवळ सर्व माल शुल्कमुक्त येऊ लागला. उलट बाजूने बांगलादेशने आपल्या यादीत हजाराच्या जवळपास वस्तू ठेवल्या आणि सीमाशुल्काच्या जोडीला नियामक शुल्क, पूरक शुल्क अशी वेगवेगळ्या नावांची शुल्के लावली. साफ्टातील कपातीचे वेळापत्रक सीमाशुल्काला लागू होते. ही जोडशुल्के त्यातून निसटतात. मे २०२२ मध्ये परकीय चलनाची चणचण भासू लागताच तेथील सरकारने फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने अशा वस्तू चैनीच्या समजून त्यांवरील नियामक शुल्क वाढवले. दिंडोरीच्या थॉमसन द्राक्षांच्या पेटीची गणना अशा प्रकारे चैनीच्या वस्तूंत झाली.

तरीही ‘आम्ही देतो आणि ते घेतात’ एवढ्यावर विचार थांबवू नये, अशी आपल्याला विनंती आहे. गटात एक देश फार मोठा आणि बाकीचे लहान असतील, तर लाभ आपोआप मोठ्याकडे वाहतो. कारखाने, बँका, बंदरे आधीच तेथे असतात. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांच्या पूर्व आफ्रिकी समुदायाची पहिली उभारणी १९६७ मध्ये झाली. रेल्वे एक, विमानसेवा एक, टपालसेवा एक, इतकी ती घनिष्ठ होती. परंतु उद्योग नैरोबीभोवती एकवटत गेले, आणि त्याची भरपाई करण्यासाठी नेमलेली विकास बँक व अंतर्गत शुल्काची सवलत अपुरी पडली. त्यातच १९७१ मध्ये युगांडात इदी अमीन यांनी सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्यांच्यासोबत एका मेजावर बसण्यास नकार दिला. १९७७ मध्ये समुदाय मोडला, रेल्वेचे डबे आणि विमाने वाटून घेतली गेली, आणि टांझानिया-केनिया सीमा कित्येक वर्षे बंद राहिली. तो पुन्हा उभा करणारा करार आरुशा येथे ३० नोव्हेंबर १९९९ रोजी झाला. मध्ये बावीस वर्षे वाया गेली.

याच्या उलट उदाहरण आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील देशांच्या सीमाशुल्क संघाचे आहे. १९१० पासून चालत आलेला हा जगातील सर्वांत जुना सीमाशुल्क संघ आहे. त्याचा जन्म वसाहतीच्या काळातला, त्यामुळे त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु गोळा झालेल्या महसुलातून लहान देशांना त्यांच्या व्यापाराच्या मानाने अधिक वाटा देण्याचे सूत्र त्यात आहे आणि लेसोथो, एस्वातिनी यांसारख्या देशांचा सरकारी खर्च बऱ्याच अंशी त्यावर चालतो. मोठ्या देशाने थोडे जास्त देणे हा उपकार नसून गट टिकवण्याचा खर्च आहे.

द्राक्षांच्या बाबतीत मात्र आता मागणी करण्याची वेळ आली आहे. अल्पविकसित देशांच्या गटातून बांगलादेश बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली आहे. ते बाहेर पडणे घडले की एकतर्फी सवलतीचा आधार संपतो आणि दोन्ही देशांना नव्याने बोलावे लागेल. त्या बोलण्यात फळांवरील जोडशुल्के विषयपत्रिकेवर यावीत, आणि ती हंगामनिहाय मागावीत. जानेवारी ते मार्च या आपल्या काढणीच्या महिन्यांत शुल्क कमी ठेवण्याची मागणी वर्षभराच्या सवलतीपेक्षा पदरात पडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न: गरीब देश एकमेकांना विकणार तरी काय? सगळ्यांकडे शेतमाल आणि कपडेच आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अशा गटांचा फायदा सिद्ध झाला आहे का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

अर्थतज्ज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये मांडलेली कसोटी आजही प्रारंभासाठी उपयोगी आहे. गट झाल्यामुळे महाग देशी मालाऐवजी शेजाऱ्याचा स्वस्त माल आला, तर नवा व्यापार निर्माण झाला आणि फायदा झाला. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाऐवजी, केवळ शुल्क नाही म्हणून शेजाऱ्याचा महाग माल आला, तर व्यापार नुसताच वळला आणि ग्राहकाचे व तिजोरीचे नुकसान झाले. गरीब देशांचे बाहेरचे शुल्क उंच असते, म्हणून त्यांच्या गटात दुसरा धोका मोठा असतो.

अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश आणि लॅटिन अमेरिकेतील त्यांच्या सहकाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांचे म्हणणे वेगळे होते: पोलाद, रसायने, यंत्रे यांचे कारखाने एकेका छोट्या देशाच्या बाजारावर पोसले जाऊ शकत नाहीत, म्हणून अनेक देशांचा बाजार एकत्र करावा आणि त्याच्या आधाराने उद्योग वाढवावेत. विचार सबळ होता. अंमलबजावणी कोठे अडली ते पाहण्यासारखे आहे. १९६० च्या मोंतेविदेओ करारात एकेका वस्तूवर वाटाघाटी ठेवल्यामुळे प्रत्येक देशाने ज्या वस्तू तो बनवतच नव्हता त्यांच्यावरच उदारपणे सवलत दिली आणि खऱ्या स्पर्धेच्या वस्तू बाजूला ठेवल्या. मध्य अमेरिकेची सामायिक बाजारपेठ त्याच सुमारास वेगाने वाढली, पण लाभ एल साल्वादोर व ग्वातेमाला येथे साचले; जुलै १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यात युद्ध झाले आणि त्यानंतर होंडुरास बाजारपेठेतून बाहेर पडला.

दक्षिण अमेरिकेतील मेर्कोसूर या व्यापारगटाचा अनुभव अधिक आशादायक आहे, निदान पहिल्या दशकाचा. २६ मार्च १९९१ च्या असुन्सियोन करारानंतर अर्जेंटिना, ब्राझील, पाराग्वे आणि उरुग्वे यांचा आपापसांतील व्यापार १९९८ पर्यंत त्यांच्या निर्यातीच्या जवळजवळ चतुर्थांशावर पोहोचला. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने आपले चलन घसरू दिले, २००१ च्या अखेरीस अर्जेंटिना कोसळला, आणि तो आकडा खाली आला. व्यापार मोकळा केला पण चलनाच्या दरांवर कसलाही समन्वय ठेवला नाही, तर एका देशाचा निर्णय दुसऱ्याचे कारखाने बंद पाडू शकतो, हे त्यातून दिसले. परंतु या गटाची एक जमेची बाजू व्यापाराच्या आकड्यांत मावत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिना हे एकेकाळी एकमेकांच्या अणुकार्यक्रमांकडे संशयाने पाहणारे देश होते. १९८५ मध्ये त्यांच्या नव्या मुलकी सरकारांनी बोलणी सुरू केली आणि १९९१ मध्ये एकमेकांच्या अणुसाहित्याची तपासणी करणारी संयुक्त संस्था स्थापन केली. व्यापारगट त्या समेटाच्या पोटी जन्मला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते; दक्षिण आशियात आपण करार आधी केला आणि समेट व्हायचा राहिला.

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आग्नेय आशियात आहे आणि ते पुढच्या पत्राच्या संदर्भात देणे सोयीचे होईल.

प्रश्न: आमचा लहान कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. थायलंड, इंडोनेशियातील कारखाने एकमेकांचे भाग सहज वापरतात असे ऐकतो. आपल्याकडे शेजारी देशांशी तसे का जमत नाही? भारताने ‘आरसेप’ हा आशिया-पॅसिफिकमधील पंधरा देशांचा व्यापार करार नाकारला हे आमच्या दृष्टीने बरे झाले की वाईट?
— लघुउद्योजक, अंबड औद्योगिक वसाहत

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची स्थापना ८ ऑगस्ट १९६७ रोजी झाली, पण तिच्यातील व्यापार वाढला तो बराच उशिरा. १९८५ नंतर येनचे मूल्य चढले, जपानी कंपन्या कारखान्यांसाठी स्वस्त जागा शोधू लागल्या, आणि १९८८ मध्ये आसियानने एक साधी पण महत्त्वाची योजना आणली: एकाच वाहन कंपनीने एका सदस्य देशात बनवलेला भाग दुसऱ्या सदस्य देशात नेला, तर शुल्कात मोठी सवलत मिळेल. पुढे १९९२ मध्ये संपूर्ण मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय झाला. टोयोटाच्या एका वाहनमालिकेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. डिझेल इंजिन थायलंडचे, पेट्रोल इंजिन इंडोनेशियाचे, गिअरबॉक्स फिलिपिन्सचा, असे तिचे भाग देशोदेशी वाटलेले होते. त्याच मालिकेसाठी कर्नाटकातील बिडदी येथूनही गिअरबॉक्स बाहेर गेले. सगळ्यांकडे एकच माल असला तरी त्या मालाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनू शकतात. विद्यार्थिनीच्या शंकेचे उत्तर हे आहे.

सर्व भिस्त असते ती मूळ देशाच्या नियमावर, म्हणजे एखाद्या वस्तूत किती भाग आपला असला की ती ‘आपली’ मानायची यावर. आसियानमध्ये साधारणतः ४० टक्के मूल्य प्रदेशातील असावे किंवा वस्तूचे वर्गीकरण बदललेले असावे, यांपैकी एक पुरे होते. साफ्टामध्ये भारतासाठी ४० टक्के मूल्यवर्धनाची अट आहे आणि वर्गीकरणही बदललेच पाहिजे. दोन्ही अटी एकदम. या कडकपणालाही कारण आहे. १ मार्च २००० पासून भारत-श्रीलंका करार लागू झाला तेव्हा दोन देशांच्या पामतेलावरील शुल्कात मोठा फरक होता. पाहता पाहता श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले, त्यांतले बरेच भारतीय गुंतवणुकीचे, आणि परदेशी पामतेल तूप होऊन शुल्काशिवाय भारतात येऊ लागले. तांब्याच्या वस्तूंचेही तसेच झाले. भारताने मग मर्यादा घातल्या, कारखाने बंद पडले आणि दोन्हीकडे कडवटपणा राहिला.

आरसेपबद्दल आमचे मत सरळ आहे. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने बाहेर राहण्याचे ठरवले तेव्हा चिनी मालाचा लोंढा आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची दुधाची भुकटी यांची भीती खरी होती, आणि जिल्ह्यातील दूध उत्पादकांचे हित पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. आपल्यासारख्या सुट्या भागांच्या उद्योगाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून अमलात येऊ लागलेल्या आरसेपमधील देश एकमेकांचे भाग ‘आपले’ म्हणून मोजतात. अंबडमध्ये बनलेला भाग थायलंडच्या गाडीत बसला आणि ती गाडी या कराराखाली जपानला निघाली, तर तो भाग परका ठरतो. त्यामुळे गुणवत्ता आणि किंमत सारखी असेल तर खरेदीदार व्हिएतनामचा पुरवठादार निवडतो. आसियानशी आपला स्वतंत्र करार २०१० पासून आहे आणि त्यातील ३५ टक्क्यांची अट तुलनेने सैल आहे. आपल्या संघटनेने त्याचा अभ्यास करून मूळ देशाचे प्रमाणपत्र मिळवण्याची पद्धत सभासदांना शिकवली, तर उपयोग होईल. अनेक लहान कारखाने केवळ कागदपत्रांच्या धास्तीने ही सवलत घेत नाहीत.

प्रश्न: आमच्या गाड्या नाशिकहून कांदा घेऊन बंगालच्या सीमेपर्यंत जातात आणि तेथे दिवसेंदिवस अडकतात. आफ्रिकेतही असेच आहे का?
— मालवाहतूकदार, आडगाव नाका

पूर्वी होते, आता बऱ्याच ठिकाणी नाही. आपल्याकडची पद्धत आपल्याला ठाऊकच आहे: पेट्रापोलला रांग, मग गाडी सीमा ओलांडून बेनापोलच्या आवारात जाते, तेथे गोण्या उतरतात आणि बांगलादेशी ट्रकमध्ये पुन्हा भरल्या जातात. हमाली दोनदा, नासाडीही दोनदा. जागतिक बँकेने २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की ही सीमा ओलांडायला कित्येक दिवस लागतात, तर पूर्व आफ्रिकेतील तेवढ्याच वर्दळीच्या सीमेवर सहा तासही लागत नाहीत; आणि भारतीय कंपनीला बांगलादेशातील कंपनीपेक्षा जर्मनी किंवा ब्राझीलमधील कंपनीशी व्यापार करणे १५ ते २० टक्के स्वस्त पडते.

आफ्रिकेत हे बदलले ते संयुक्त तपासणी नाक्यांमुळे. झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरील चिरुंडू येथे २००९ मध्ये पहिला असा नाका सुरू झाला, पुढे केनिया-युगांडा सीमेवर बुसिया आणि मलाबा येथे झाले. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात, गाडी एकदाच थांबते. नाशिककरांनी शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यांवर लागणाऱ्या रांगा २०१३ पर्यंत पाहिल्या आहेत. नाके गेल्यावर गाडीच्या फेऱ्यांत पडलेला फरक आपल्या व्यवसायातील माणसाला सांगायला नको.

आपल्या भागात भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करार केला होता. त्याप्रमाणे नाशिकची गाडी थेट ढाक्यापर्यंत जाऊ शकली असती. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने, लहान डोंगराळ देशात परक्या गाड्यांची गर्दी होईल या काळजीने, त्याला मान्यता दिली नाही. उरलेल्या तिघांनी पुढे जाण्याचे ठरवले, पण प्रत्यक्षात गाड्या नियमित धावल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत लासलगावहून बांगलादेशातील दर्शना येथे रेल्वेने कांदा गेला, तेव्हा वाटेत माल बदलण्याची गरज पडली नाही. रेल्वेचा हा मार्ग नियमित करण्याची मागणी रस्त्याच्या करारापेक्षा लवकर पुरी होऊ शकते.

प्रश्न: मी नाशिकरोडच्या छापखान्यातून निवृत्त झालो. युरोपसारखे दक्षिण आशियाचे एकच चलन होऊ शकेल का?
— ज्येष्ठ नागरिक, जेल रोड

नजीकच्या काळात नाही, आणि त्याची घाईही करू नये. परंतु आपण ज्या छापखान्यात काम केले त्याचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँक हीच पाकिस्तानचीही चलनसत्ता होती, आणि ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ ही अक्षरे घातलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा नाशिकला छापल्या गेल्या. त्या वेळी पाकिस्तानची निम्म्याहून अधिक निर्यात भारतात येत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, नव्या दरावर एकमत झाले नाही आणि व्यापार जवळजवळ थांबला. कोलकात्याच्या गिरण्यांना पूर्व बंगालचा ताग मिळेना, पूर्व बंगालच्या शेतकऱ्याला तागाचे गिऱ्हाईक मिळेना. फेब्रुवारी १९५१ मध्ये तडजोड झाली, तोवर दोन्ही देशांनी एकमेकांशिवाय जगण्याची तयारी सुरू केली होती.

इतर ठिकाणीही एक चलनाच्या तारखा पुढेच ढकलल्या गेल्या आहेत. पूर्व आफ्रिकेने २०१३ मध्ये करार करून २०२४ हे वर्ष ठरवले होते, ते आता २०३१ वर गेले आहे. त्यापेक्षा साधे उपाय अधिक फळतात. १९७४ मध्ये तेहरान येथे स्थापन झालेल्या आशियाई समाशोधन संघात सदस्य देशांची देणी-घेणी दोन महिन्यांनी एकत्र मांडून केवळ फरक चुकता केला जातो, त्यामुळे डॉलर कमी लागतात. २०२२ च्या संकटात श्रीलंकेची यातील देणी भारताने पुढे ढकलू दिली, ही शेजारधर्माची मोठी कृती होती. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. बांगलादेशशी रुपयांत व्यवहार करण्याची सोय ११ जुलै २०२३ रोजी सुरू झाली.

प्रश्न: सार्कची बैठकच होत नाही. तो संपला असे समजावे का?
— वाचक, सिन्नर

शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडू येथे झाली ती शेवटची. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरी येथील हल्ल्यानंतर झाली नाही, आणि २०१९ पासून भारत-पाकिस्तान व्यापार आधी २०० टक्के शुल्काने आणि मग परस्परांच्या निर्णयांनी आटला. सचिवालय काठमांडूत आहे, साफ्टा कागदोपत्री लागू आहे. बिमस्टेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट १९९७ पासून पर्याय म्हणून आहे, परंतु त्याच्या मुक्त व्यापाराची बोलणी २००४ पासून रेंगाळलेली आहेत.

प्रश्न: हे सर्व दिल्ली आणि ढाका ठरवणार. नाशिक जिल्ह्याने मागायचे तरी काय?
— शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, येवला

मागण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातील एक गोष्ट आमच्या मते सर्वांत आधी मागावी. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ पासून एक व्यापार करार आहे. त्याखाली तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर, डाळ, अंडी, बटाटे आणि कांदा यांचा वार्षिक कोटा मालदीवसाठी राखून ठेवला जातो, आणि देशात निर्यातबंदी असली तरी तो पाठवला जातो. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हाही मालदीवसाठी सुमारे ३६ हजार टन कांद्याचा कोटा जाहीर झाला. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत झालेल्या व्यापारमंत्र्यांच्या बैठकीत बांगलादेशने तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आले यांसाठी अशाच वार्षिक कोट्याची विनंती केली होती.

ही विनंती ढाक्याची असली तरी तीत येवल्याच्या शेतकऱ्याचे हित आहे. कोटा ठरला की बंदीच्या काळातही ठराविक माल जाणार हे व्यापाऱ्याला आधी कळते, त्यामुळे बंदी जाहीर झाली तरी लिलाव पूर्ण थांबत नाही. पण येथे एक अट घातली पाहिजे. बंदीच्या काळातील सरकार-ते-सरकार निर्यात सरकारी कंपन्यांमार्फत झाली, तेव्हा माल कोणाकडून आणि कोणत्या भावाने घेतला याबद्दल शेतकऱ्यांत नाराजी होती. म्हणून कोट्याचा कांदा बाजार समितीतील खुल्या लिलावातून किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून जाहीर भावाने घेतला जावा, असे मागणीतच लिहावे. त्याच्या जोडीला, बंदीच्या दिवशी जो माल सीमेकडे निघालेला असेल किंवा ज्याचा सौदा आधीच झालेला असेल, तो अडवू नये असे कलम असावे. सप्टेंबर २०२० मध्ये सीमेवर अडकलेल्या गाड्यांतील कांदा सडला तो हे कलम नसल्यामुळे. बाजार समिती, उत्पादक कंपन्या आणि निर्यातदार यांनी मिळून हा मसुदा मराठीत व इंग्रजीत तयार करावा आणि उन्हाळ कांदा चाळीत जाण्याच्या आधी, म्हणजे एप्रिलपर्यंत, जिल्ह्याच्या खासदारांमार्फत वाणिज्य मंत्रालयाकडे द्यावा.